पायथन घडवणाऱ्यांत सामील होताना: बडोद्यातील नवागतांसाठी

कलाभवनात, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत शिकणाऱ्या किंवा मकरपुऱ्यातील एखाद्या कारखान्याच्या संगणक विभागात नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींना पायथन ही भाषा नवी राहिलेली नाही. कोणी तिच्यावर प्रकल्प करतो, कोणी हिशेबाच्या फायली जुळवतो, कोणी रोजच्या अहवालाचे काम तिच्याकडून करून घेतो. परंतु भाषा वापरणे आणि ती घडवण्याच्या कामात भाग घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीकडे नेणारी वाट महाविद्यालयात सहसा कोणी दाखवत नाही. ती वाट कुठून सुरू होते, नवखा माणूस कुठे अडतो, पहिल्या काही महिन्यांत कोणते काम हाती घ्यावे आणि कोणते घेऊ नये, एवढाच या लेखाचा विषय आहे. वाचकाला पायथनमध्ये साधे प्रोग्राम लिहिता येतात आणि गिटची तोंडओळख आहे, असे येथे गृहीत धरले आहे. सी भाषा येत असेल तर उत्तमच. येत नसेल तरी अडत नाही, कारण पायथनच्या प्रमाण ग्रंथालयाचा फार मोठा भाग पायथनमध्येच लिहिलेला आहे.

निर्णय कोण घेते, हे आधी समजून घ्यावे

गिडो व्हॅन रॉसम यांनी ॲमस्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत असताना १९८९ च्या नाताळात या भाषेच्या कामाला हात घातला आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये तिची ०.९.० ही आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. पुढे जवळपास तीन दशके भाषेविषयीचा शेवटचा शब्द त्यांचा असे. २०१८ साली अभिव्यक्तीच्या आतच चलाला मूल्य देण्याची सोय करणाऱ्या ५७२ क्रमांकाच्या प्रस्तावावर इतकी कडवट चर्चा झाली की, प्रस्ताव स्वीकारल्यानंतर, १२ जुलै २०१८ रोजी त्यांनी हे पद सोडले. त्यानंतर कोअर डेव्हलपरांनी, म्हणजे मूळ कोडमध्ये बदल विलीन करण्याचा अधिकार असलेल्यांनी, मतदान करून पाच जणांच्या स्टिअरिंग कौन्सिलची, म्हणजे सुकाणू समितीची, पद्धत निवडली आणि २०१९ च्या आरंभी पहिली समिती निवडून आली. प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर समितीची नव्याने निवडणूक होते आणि एकाच कंपनीचे दोनाहून अधिक लोक तिच्यात असू शकत नाहीत. २००१ साली स्थापन झालेले पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन निराळे. निधी, बोधचिन्हाचे हक्क आणि परिषदा ही त्याची कामे आहेत. भाषेत कोणते व्याकरण यावे हे फाउंडेशन ठरवत नाही.

हा इतिहास नवख्याला उपयोगी पडतो तो एका साध्या व्यावहारिक कारणाने. तुमचा बदल लहान असेल, म्हणजे एखादा बग, एखादी चुकीची ओळ किंवा अपुरी चाचणी, तर एका कोअर डेव्हलपरची संमती पुरते. बदल भाषेच्या व्याकरणाला हात लावणारा असेल तर त्यासाठी पेप, म्हणजे रीतसर सुधारणा-प्रस्ताव लिहावा लागतो आणि तो अखेरीस समितीपुढे जातो. कोणत्या दारावर थाप मारायची हे ठाऊक नसल्यामुळे होणारा विलंब हा कोडमधल्या चुकांमुळे होणाऱ्या विलंबापेक्षा जास्त असतो, असे माझे मत आहे.

वेळापत्रकही ध्यानात ठेवावे. ६०२ क्रमांकाच्या पेपनुसार दर वर्षी ऑक्टोबरमध्ये नवी मोठी आवृत्ती निघते, ३.१४ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. मे महिन्याच्या सुमारास पहिली बीटा आवृत्ती निघाली की त्या वर्षीच्या आवृत्तीत नवी वैशिष्ट्ये घेणे थांबते आणि पुढे केवळ दुरुस्त्या स्वीकारल्या जातात. प्रत्येक आवृत्तीला एकूण पाच वर्षे आधार मिळतो. त्यातल्या शेवटच्या वर्षांत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या होतात. म्हणून जूनमध्ये एखादे नवे वैशिष्ट्य पाठवून ते त्याच ऑक्टोबरात दिसेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

पहिली पायरी: आपल्या यंत्रावर भाषा बांधणे

आपण रोज वापरतो त्या प्रमाण अंमलाचे, म्हणजे पायथनचे कोड प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामचे, नाव सीपायथन आहे. त्याचे सगळे कोड गिटहबवर आहे. तेथे ते फेब्रुवारी २०१७ मध्ये आले आणि बगांच्या नोंदी २०२२ मध्ये आल्या. प्रथम त्या कोडच्या भांडाराची (रिपॉझिटरीची) आपल्या खात्यात फोर्क करून प्रत घ्यावी, ती आपल्या लॅपटॉपवर क्लोन करावी आणि मूळ भांडार ‘अपस्ट्रीम’ या नावाने जोडून ठेवावे, म्हणजे रोजचे नवे बदल ओढून घेता येतात.

लिनक्सवर भांडाराच्या मुळाशी असलेली कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट ‘विथ-पायडिबग’ हा पर्याय देऊन चालवावी आणि मग मेक चालवावे. डिबग पर्याय विसरू नये. त्याने आतल्या अनेक तपासण्या चालू होतात आणि एरवी दडून राहणाऱ्या चुका उघड होतात. बांधणी पूर्ण झाल्यावर त्याच फोल्डरमध्ये पायथन नावाची चालणारी फाइल तयार होते. ती तेथूनच चालवावी, यंत्रावर इन्स्टॉल करू नये. मॅकवर या फाइलच्या नावाला ‘ईएक्सई’ हे शेपूट लागलेले पाहून नवखे चक्रावतात. कारण साधे आहे: भांडारात मोठ्या ‘पी’चा पायथन नावाचा फोल्डर आधीच आहे, आणि मॅकची फाइल-व्यवस्था सहसा लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही. विंडोज वापरणाऱ्यांनी पीसीबिल्ड या फोल्डरातील बिल्ड नावाची बॅच फाइल चालवावी; त्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओची बांधणीची साधने लागतात. ती साधने जागा बरीच खातात, म्हणून जुन्या लॅपटॉपवर डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याच्या सोयीत, लिनक्स घेऊन काम करणे मला अधिक सोयीचे वाटते.

नंतर चाचण्या चालवाव्यात. नव्या पायथनला ‘टेस्ट’ हा मॉड्यूल चालवायला सांगितले की सगळ्या चाचण्या सुरू होतात. सोबत ‘जे’ हा पर्याय शून्य आकड्यासह दिला तर यंत्राची सर्व प्रोसेसर-केंद्रे कामाला लागतात. काही चाचण्या गाळल्या जातील. नेटवर्क किंवा भरपूर मेमरी लागणाऱ्या चाचण्या आपणहून मागितल्याशिवाय चालत नाहीत. एखादी चाचणी नापास झाली तर घाबरू नये, परंतु आपण काहीही बदलण्यापूर्वीच ती नापास होती हे टिपून ठेवावे. हे टिपण नसले की पुढे आपल्या बदलाने काय बिघडले आणि आधीपासून काय बिघडलेले होते याचा निवाडा करताना रात्र जाते.

फोल्डरांची ओळख चालता चालता होते. ‘लिब’मध्ये पायथनमध्ये लिहिलेले ग्रंथालय आणि चाचण्या, ‘मॉड्यूल्स’मध्ये सीमध्ये लिहिलेले ग्रंथालय, ‘ऑब्जेक्ट्स’मध्ये यादी, शब्दकोश, स्ट्रिंग असे मूळ प्रकार, ‘पायथन’मध्ये अर्थ लावणारे यंत्र आणि ‘डॉक’मध्ये दस्तऐवज असतात. पहिले दोन-तीन महिने ‘लिब’ आणि ‘डॉक’ यांच्याबाहेर पडण्याची गरज नाही.

दुसरी पायरी: इतरांच्या नोंदी तपासणे

बहुतेक जण येथे पोहोचताच ‘इझी’ असे लेबल असलेली नोंद शोधतात. ती नोंद बहुधा आधीच कोणीतरी उचललेली असते. काही हजार नोंदी उघड्या असताना त्या मूठभर नोंदींवर सगळ्यांची झुंबड उडते, आणि ज्याला ती मिळत नाही तो निराश होऊन परततो. त्यापेक्षा दुसऱ्याने लिहिलेली एखादी जुनी, अनुत्तरित नोंद घेऊन ती आजही खरी आहे का हे पाहावे. कोअर डेव्हलपरांकडे वेळ कमी पडतो तो नेमका याच कामासाठी, आणि याच कामातून नवखा माणूस भाषेचा एकेक कोपरा शिकतो.

तपासणीची रीत अशी. नोंदीतील उदाहरण जसेच्या तसे उतरवून घ्यावे आणि ते आपण बांधलेल्या मुख्य शाखेवर व एका प्रकाशित आवृत्तीवर चालवावे. काय छापले गेले, कोणती चालन-प्रणाली होती, आवृत्तीचा नेमका क्रमांक कोणता होता, हे सारे लिहावे. ‘मलाही हीच अडचण येते’ एवढेच लिहिणे निरुपयोगी आहे. दोष आता दिसत नसेल तर तो कधी नाहीसा झाला हे शोधून सांगितल्यास नोंद निर्धास्तपणे बंद करता येते. त्यासाठी गिटमध्ये बायसेक्ट ही आज्ञा आहे: ती बदलांची मालिका दर वेळी अर्ध्यावर तोडत जाते, त्यामुळे हजारभर बदलांतून नेमका बदल सापडायला सुमारे दहा बांधण्या पुरतात.

बग कोणता आणि ठरवून ठेवलेले वर्तन कोणते, हा विवेक या कामाचा गाभा आहे. मराठी लिहिणाऱ्याला तो शिकायला आपल्याच लिपीत उत्तम उदाहरणे मिळतात. ‘नमस्ते’ हा शब्द घ्यावा. वाचणाऱ्याला त्यात न, म आणि स्ते अशी तीन अक्षरे दिसतात. पायथनचे ‘लेन’ हे फंक्शन मात्र सहा असे उत्तर देते, कारण ते न, म, स, हलन्ताचे चिन्ह, त आणि मात्रा असे युनिकोडचे (जगभरच्या लिपींतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेचे) सहा बिंदू मोजते. आता याच शब्दाला ‘इझअल्फा’ ही मेथड लावली तर उत्तर खोटे, म्हणजे ‘फॉल्स’ येते. ‘कमल’ या शब्दाला लावली तर खरे येते. ‘इझआयडेंटिफायर’ लावली तर ‘नमस्ते’ हे चलाचे नाव म्हणून चालते असे तीच भाषा सांगते. आणि नियमित अभिव्यक्तीच्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये शब्द शोधण्यासाठी उलटी तिरकी रेघ, डब्ल्यू आणि अधिक हे प्रचलित चिन्ह वापरले तर ‘नमस्ते’चे दोन तुकडे हातात येतात: ‘नमस’ आणि ‘त’. हलन्त गळतो, मात्राही गळते.

हे पाहून कोणाचाही हात नवी नोंद लिहिण्यासाठी शिवशिवेल. तो आवरावा आणि आधी दस्तऐवज उघडावा. ‘इझअल्फा’च्या वर्णनात स्पष्ट म्हटले आहे की युनिकोडमध्ये ज्यांचा वर्ग ‘अक्षर’ असा आहे तेवढीच चिन्हे ती मानते. मात्रा आणि हलन्त यांचा वर्ग ‘चिन्ह’ असा असल्यामुळे त्या बाहेर राहतात. म्हणजे हे वर्तन सांगितल्याप्रमाणेच आहे. शब्द शोधण्याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. पायथनचा दस्तऐवज आणि कोड एकमेकांशी जुळतात, परंतु नियमित अभिव्यक्तींविषयीची युनिकोडची स्वतःची शिफारस मात्रांनाही शब्दाचा भाग मानते. तक्रार रास्त आहे, म्हणूनच ती २०११ सालीच नोंदवली गेली आहे. मग दुरुस्ती का झाली नाही? कारण हे चिन्ह जगभरातील असंख्य प्रोग्रामांत बसलेले आहे, आणि त्याचा अर्थ बदलला तर आज नीट चालणारे प्रोग्राम काही न सांगता वेगळी उत्तरे देऊ लागतील. सुसंगतीविषयीच्या ३८७ क्रमांकाच्या पेपमध्ये असे बदल कसे करावेत याचे नियम आहेत: जुने वर्तन काढण्यापूर्वी किमान दोन आवृत्त्या इशारा द्यावा लागतो. नवी नोंद लिहिणाऱ्याची नोंद ‘पुनरुक्ती’ म्हणून बंद होते. जुनी चर्चा वरपासून खालपर्यंत वाचून, तेथे नसलेले एखादे नेमके उदाहरण नेमक्या शब्दांत जोडणाऱ्याचे नाव मात्र लोकांच्या लक्षात राहते.

आणखी एक उदाहरण खास मराठीचे आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. काही कळफलक नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडतात. काही साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचे जोडचिन्ह असे तीन बिंदू लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पायथनला ते वेगळे दिसतात: पहिल्याची लांबी सात येते, दुसऱ्याची आठ, आणि दोन्ही समान आहेत का असे विचारल्यास नकार मिळतो. हाच शब्द चलाचे नाव म्हणून दुसऱ्या पद्धतीने लिहिला तर न छापता येणाऱ्या चिन्हाबद्दल व्याकरणदोषाचा संदेश येतो, आणि ओळीत तर काहीच चुकलेले दिसत नाही. हासुद्धा बग नव्हे. इंग्रजीबाहेरच्या लिपींतील नावांना मुभा देणाऱ्या ३१३१ क्रमांकाच्या पेपने युनिकोडच्या ठरावीक वर्गांतील चिन्हे घेतली आणि हे अदृश्य चिन्ह त्यांत बसत नाही. ग्राहकांच्या मराठी नावांची यादी जुळवताना दोन नोंदी एक का होत नाहीत, असा प्रश्न ज्यांना कामावर पडतो त्यांनी हे अवश्य तपासावे.

एक सूचना येथेच द्यायला हवी. तुम्हाला सापडलेला दोष सुरक्षेचा असेल, म्हणजे त्याचा गैरफायदा घेऊन कोणाचे यंत्र किंवा माहिती धोक्यात येऊ शकत असेल, तर तो उघड नोंदीत कधीही लिहू नये. त्यासाठी पायथनच्या सुरक्षा पथकाचा वेगळा ई-मेल पत्ता आहे, तेथेच कळवावे.

तिसरी पायरी: बदल पाठवणे

तपासता तपासता एखाद्या दोषाचे कारण सापडले आणि त्यावर दुसऱ्या कोणाची पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घेण्याची विनंती, चालू नाही अशी खात्री झाली, की मुख्य शाखेवरून नवी शाखा काढावी. प्रथम चाचणी लिहावी, जी आज नापास होते. मग दुरुस्ती करावी, जिच्यामुळे ती पास होते. दोन्ही एकाच रिक्वेस्टमध्ये पाठवावीत. वाटेत दिसलेल्या इतर ओळी ‘सुंदर’ करण्याचा मोह टाळावा. अशा अनाहूत सजावटीमुळे खरी दुरुस्ती दिसेनाशी होते आणि परीक्षकाचा संयम सुटतो.

रिक्वेस्टच्या शीर्षकात ‘जीएच’, जोडरेघ, नोंदीचा क्रमांक आणि विसर्गासारखी दोन टिंबे असा ठरलेला आरंभ असतो. त्यावरून बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्राम, ती नोंदीशी जोडतो. पहिल्या वेळी योगदानाच्या करारावर ऑनलाइन सही करावी लागते. येथे बरेच जण अडकतात, कारण कमिटमधला ई-मेल पत्ता आणि गिटहबच्या खात्यातला पत्ता वेगळे असले तर बॉटला सही करणारा तुम्हीच आहात हे कळत नाही. नोकरीत असणाऱ्यांनी आपल्या नेमणूकपत्रात कोडच्या मालकीविषयी काय म्हटले आहे तेही आधी वाचावे आणि शंका असल्यास वरिष्ठांना लेखी विचारावे.

वापरणाऱ्याला जाणवेल अशा प्रत्येक बदलासोबत ‘न्यूज’ची एक छोटी नोंद लागते. ‘ब्लर्ब’ नावाचे साधन तिची फाइल ‘मिस्क’ फोल्डरातील योग्य जागी तयार करून देते; मजकूर आपण लिहायचा. हा मजकूर विकासकांसाठी नसून भाषा वापरणाऱ्यांसाठी असतो. ‘बग दुरुस्त केला’ असे लिहून चालत नाही, आणि आतल्या कोणत्या फंक्शनचे नाव बदलले तेही कोणाला नको असते. कोणती मेथड, कोणत्या परिस्थितीत, काय चुकीचे करत होती आणि आता काय करते, हे एक-दोन वाक्यांत बसवावे. माझ्या मते कोड लिहिण्यापेक्षा ही दोन वाक्ये लिहिणे अवघड आहे.

परीक्षकाने बदल सुचवले तर ते नव्या कमिटमध्ये करावेत. जुने कमिट पुसून जबरदस्तीने पुश करू नये, कारण मग परीक्षकाला नवे काय ते वेगळे दिसत नाही. विलीन करताना सगळे कमिट तसेही एकत्र दाबले जातात. बदल झाल्यावर एक ठरलेले वाक्य लिहावे लागते: ‘आय हॅव मेड द रिक्वेस्टेड चेंजेस; प्लीज रिव्ह्यू अगेन’. हे वाक्य माणसासाठी कमी आणि बेडेव्हिअर या बॉटसाठी अधिक असते. ते वाचून तो रिक्वेस्टवरचे लेबल बदलतो आणि परीक्षकाला पुन्हा बोलावतो. दुरुस्ती मुख्य शाखेत गेल्यावर चालू असलेल्या जुन्या आवृत्त्यांत ती उतरवण्याचे काम मिस-इस्लिंग्टन हा दुसरा बॉट करतो. ही चमत्कारिक नावे, आणि खुद्द भाषेचे नावही, माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून आलेली आहेत. अजगराशी त्यांचा संबंध नाही.

वाट पाहणे आणि बोलण्याची रीत

उत्तर यायला आठवडे लागतात, कधी महिने. परीक्षण करणारे बहुतेक लोक आपली नोकरी सांभाळून हे काम करतात आणि त्यांच्यातले पुष्कळ जण युरोप-अमेरिकेत राहतात. दररोज आठवण करू नये. काही आठवडे गेल्यावर, आणि मुख्य शाखेतले नवे बदल आपल्या शाखेत घेऊन चाचण्या पुन्हा पास करून दाखवल्यावर, एका ओळीत विनम्रपणे विचारावे.

‘रिस्पेक्टेड सर’ असा आरंभ आणि ‘युवर्स ओबिडियंटली’ असा शेवट तेथे खटकतो. वयाने व अधिकाराने कितीही मोठ्या माणसाला पहिल्या नावाने संबोधण्याची तेथे पद्धत आहे, आणि घरी काका-काकूंशी अदबीने बोलणाऱ्या आपल्या मुलांना ती उद्धट वाटते. ती उद्धट नाही. त्याचप्रमाणे कोणी ‘हे मला पटत नाही’ असे सरळ लिहिले तर तो अपमान समजू नये. घरी मराठी, शाळेत गुजराती आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा तीन भाषांत वाढलेल्या बडोद्याच्या मुलांना आपल्या इंग्रजीची लाज वाटत असते. प्रत्यक्षात लहान वाक्ये, चालणारे उदाहरण आणि अचूक आवृत्ती क्रमांक यांपलीकडे तेथे इंग्रजीची परीक्षा होत नाही. उत्तर कृत्रिम बुद्धीच्या साधनाकडून लिहवून घेणाऱ्यांची मात्र होते. स्वतःला न समजलेला बदल पाठवला की परीक्षकाच्या पहिल्या प्रश्नालाच पितळ उघडे पडते.

नवी कल्पना सुचली तर

थोडे थांबावे. भाषेत अमुक एक सोय हवी असे वाटले की प्रथम जुने पेप चाळावेत, विशेषतः नाकारलेले. एकात एक असलेल्या दोन लूपमधून एकदम बाहेर पडण्यासाठी नाव दिलेला ‘ब्रेक’ असावा, ही कल्पना प्रत्येक पिढीतील विद्यार्थ्याला सुचते. ३१३६ क्रमांकाच्या पेपमध्ये ती मांडली गेली होती आणि २००७ साली नाकारली गेली. नकाराची कारणेही तेथे वाचायला मिळतात. एका ओळीतली ‘इफ-एल्स’ अभिव्यक्ती आज सर्वजण वापरतात, पण तिच्या ३०८ क्रमांकाच्या पेपवर २००३ साली मतदान होऊनही काही ठरले नाही आणि ती २००६ च्या २.५ आवृत्तीत आली. हे सारे वाचूनही कल्पना टिकली तर ती आधी चर्चेला ठेवावी. लिहिणारा कोअर डेव्हलपर नसेल तर पेपला एखाद्या कोअर डेव्हलपरने पुरस्कर्ता म्हणून मान्यता द्यावी लागते.

दस्तऐवज आणि मराठी

कोडची भीती वाटणाऱ्यांनी ‘डॉक’ फोल्डरपासून सुरुवात करावी. दस्तऐवज रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट या साध्या मांडणीत असतो आणि स्फिंक्स नावाचे साधन त्याची पाने तयार करते. एखादे उदाहरण चालवून पाहिल्यावर वेगळेच उत्तर येते, एखाद्या फंक्शनचा अपवाद सांगायचा राहिला आहे, अशा जागा शिकणाऱ्याच्या नजरेला जाणकारापेक्षा लवकर दिसतात.

भाषांतरासाठी ५४५ क्रमांकाचा पेप आहे. भाषेच्या निवडसूचीत नवी भाषा यायची असेल तर संपूर्ण ट्यूटोरियल, अंगभूत फंक्शनांचे पान आणि बग कसे कळवावेत याचे पान एवढ्याचे भाषांतर पूर्ण व्हावे लागते. या कामात व्याकरणापेक्षा संज्ञा आधी ठरवाव्यात, हा माझा आग्रह आहे. बडोदे संस्थानाने राज्यकारभारातील संज्ञांचे अनेक भाषांतील पर्याय देणारा श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू हा कोश १९३१ साली काढला, तेव्हा त्यामागे कारभारात एकवाक्यता राहावी हाच हेतू होता. ‘इटरेटर’ला एका पानावर एक शब्द आणि पुढच्या पानावर दुसरा असे झाले तर वाचक मूळ इंग्रजीकडेच वळेल. जेथे रूढ मराठी शब्द नाही तेथे ‘लूप’, ‘स्ट्रिंग’, ‘मॉड्यूल’ असेच ठेवावे. ओढूनताणून घडवलेला संस्कृत शब्द कोणीही वापरत नाही.

सोबत आणि पुढची वाटचाल

एकट्याने हे काम लवकर कंटाळवाणे होते. तीन-चार मित्रमैत्रिणींनी आठवड्यातून एकदा, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा कोणाच्या घरी, दोन तास बसावे आणि प्रत्येकाने एक नोंद तपासून ती इतरांना समजावून सांगावी. ज्याला सी येते त्याने ‘ऑब्जेक्ट्स’मधील एखादी फाइल वाचून दाखवावी. २००९ पासून भरणाऱ्या पायकॉन इंडिया या परिषदेला जाता आले तर तेथे व्याख्यानांनंतरच्या सामूहिक कामाच्या सत्राला थांबावे. व्याख्याने मागाहूनही पाहता येतात.

काही दुरुस्त्या विलीन झाल्यावर ‘मिस्क’ फोल्डरातील ‘ॲक्स’ या फाइलमध्ये आपले नाव आडनावाच्या क्रमाने घालता येते. सातत्याने नोंदी तपासणाऱ्याला ट्रायाज चमूत घेतले जाते, म्हणजे लेबले लावणे आणि नोंदी बंद करणे असे अधिकार मिळतात. त्यासाठी तुमचे काम पाहिलेल्या कोअर डेव्हलपरशी बोलावे. त्यापुढची पायरी स्वतः कोअर डेव्हलपर होण्याची. कोणीतरी नाव सुचवतो, एक आठवडा मतदान चालते, दोन तृतीयांश मते अनुकूल पडावी लागतात आणि सुकाणू समितीने हरकत घेतलेली नसावी लागते.